सुरतेची आग आणि शेजारची विहीर

इतिहास शिकवणाऱ्याला वर्गात अडचणीत आणतात ती हुशार मुले नव्हेत. हुशार मुले सनावळ्या विचारतात आणि सनावळ्या आपल्याला पाठ असतात. अडचणीत आणतात ती मागच्या बाकावरची, सहसा न बोलणारी मुले.

काही वर्षांपूर्वी सातवीच्या वर्गावर शिवकाळ शिकवत होतो. १६६४ च्या जानेवारीतली सुरतेची स्वारी रंगात आली होती. आमची शाळा नंदुरबार जिल्ह्यात, गुजरातच्या अगदी कडेला. निम्म्या मुलांच्या घरी मराठी, काहींच्या घरी गुजराती, उरलेल्यांच्या घरी अहिराणी, मावची किंवा भिली. सुरत आमच्या मुलांना पुस्तकातून नव्हे, तर तापी लाइनच्या गाडीतून ठाऊक असते. कोणाचा काका उधन्याला लूमवर असतो, कोणाची मावशी लिंबायतला राहते. अशा वर्गात मागचा एक मुलगा उभा राहिला. त्याची आई सुरतेची. त्याने विचारले, "सर, सुरत जळाली तेव्हा तिथल्या लोकांना मदत कोणी केली?"

१६६४ साली शहराचा मोठा भाग जळाला, १६७० साली पुन्हा स्वारी झाली, हे मी वीस वर्षे शिकवत आलो होतो. स्वारीमागची कारणे सांगत होतो आणि ती खरीच आहेत. पण आगीनंतरच्या सकाळी त्या शहरात काय झाले असेल, हा प्रश्न एम. ए. च्या अभ्यासातही मला कधी पडला नव्हता. "पुढच्या तासाला सांगतो," म्हणून मी वेळ मारून नेली. तो पुढचा तास लांबतच गेला. या लेखाच्या निमित्ताने त्या मुलाचे देणे थोडेफार फेडावे, असा विचार आहे.

शोधायला बसलो तेव्हा पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की सुरतेचे कंबरडे ज्या आगीने मोडले ती आग आपल्या पाठ्यपुस्तकात नाहीच. ती आग लागली २४ एप्रिल १८३७ रोजी. स्वारी नाही, लढाई नाही, शत्रू नाही. संध्याकाळचे पाच वाजले होते. माछलीपीठ हा दाट वस्तीचा भाग. तिथल्या एका प्रतिष्ठित पारशी गृहस्थाच्या घरी उकळत्या डांबराचे भांडे कलंडले. आग एका घराची होती आणि विझवण्यासारखी होती. शेजारीच विहीर होती. पण १८७७ साली छापलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरात नोंद आहे, की शेजाऱ्याने आपल्या विहिरीचे पाणी घेऊ दिले नाही.

हे वाक्य वाचून मी पुस्तक मिटले. का मिटले, ते पुढे सांगतो.

त्या काळची सुरतेची घरे म्हणजे लाकडी सांगाडा आणि मधे विटांचे बांधकाम. चैत्र-वैशाखात लाकूड उन्हाने तापलेले, गल्ल्या अरुंद, वर उत्तरेचा वारा. थोड्याच वेळात आग एका घराची राहिली नाही. रात्री तिचा उजेड वीस-तीस मैलांवरून दिसत होता. दुसऱ्या दिवशी वारा नैऋत्येकडून फिरला आणि जे भाग वाचले असे वाटत होते तेही पेटले. त्या दिवशी दुपारी आगीचा जोर सर्वांत अधिक होता. २६ तारखेला ती ओसरू लागली, तोवर ९,३७३ घरे गेली होती. पाचशेहून अधिक माणसे दगावली. नुसत्या घरांचे नुकसान सुमारे ४५ लाख रुपये धरले गेले, आणि तेही त्या काळचे रुपये. घरातल्या मालाचा तर हिशेबच लागला नाही.

मदत आली, हे त्या मुलाला आता सांगता येईल. मुंबईहून सर जमशेटजी जीजीभाईंसारख्या दानशूरांनी मोठी मदत पाठवली. जमशेटजींचे घराणे नवसारीचे, म्हणजे सुरतेच्या शेजारचे. आपल्या मुलखाची आग त्यांना परकी नव्हती. सरकारनेही हात लावला. अन्न आले, पैसा आला. माणसे राखेतून वर डोके काढू लागली.

आणि मग पावसाळा सरता सरता तापीला पूर आला. तोवर कोणी पाहिला नव्हता एवढा. जवळजवळ सगळे शहर पाण्याखाली गेले आणि आणखी २७ लाखांचे नुकसान झाले. एप्रिलमध्ये जळलेल्या माणसाने जे चार वासे पुन्हा उभे केले असतील, ते त्याच वर्षी वाहून गेले. लोक खचले ते इथे.

या प्रकरणातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली नोंद आकड्यांची नाही. आगीनंतरच अनेक कर्तबगार हिंदू आणि पारशी व्यापारी सुरत सोडून मुंबईला निघून गेले. कारण काय? तर घर-पेढीच राहिली नव्हती, त्यामुळे त्यांना गावाशी बांधून ठेवणारे काही उरले नव्हते. सुरतेची उतरती कळा त्याआधीच सुरू झाली होती, हे खरे. व्यापार मुंबईकडे वळला होता. १८११ साली अडीच लाख मानलेली वस्ती १८१६ च्या गणतीत १,२४,४०६ भरली होती. पण जे टिकून होते तेही १८३७ च्या दोन तडाख्यांनी उखडले. १८४७ साली वस्ती ८०,००० वर आली. शहर जळते तेव्हा लाकूड आणि कापड जळते. शहर संपते ते माणसे उठून गेल्यावर.

आता पुस्तक का मिटले ते सांगतो.

मी दहा वर्षांचा असेन. साक्रीकडून नवापूरला जाणाऱ्या रस्त्यापासून आत आमचे गाव. गावाला लागून ओढ्यापलीकडे एक पाडा होता. कुडाच्या भिंती, वर गवत. चैत्रातल्या दुपारी कोणाच्या तरी चुलीतली ठिणगी उडाली. पाडा आणि ओढा यांच्या मधे आमचा मळा आणि मळ्यात आमची विहीर. ओढा आटलेला होता. पाड्यावरची माणसे हंडे, घागरी, पत्र्याचे डबे, हाताला लागेल ते घेऊन विहिरीकडे धावली.

आमच्या घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसाने विहिरीच्या थारोळ्यावर उभे राहून हात आडवा केला. त्यांनी पाणी नाकारले नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ते म्हणाले, "तुमची भांडी विहिरीत बुडवू नका. आम्ही काढून देतो." आमच्याकडे दोर दोन आणि पोहरे दोन. समोर चाळीस माणसे रिकाम्या घागरी धरून उभी. आमचे दोन सालदार जिवाच्या आकांताने पाणी शेंदत होते, पण दोन पोहऱ्यांनी किती पाणी निघणार? इंजिन होते, ते सुरू करायचे कोणाच्या ध्यानात आले तोवर बराच वेळ गेला होता. अकरा झोपड्या गेल्या. माणूस एकही दगावले नाही. गावात पुढे सगळे म्हणत, देवाने राखले.

दुसऱ्या दिवशी आजीने पोतेभर ज्वारी आणि जुन्या लुगड्यांचे गाठोडे पाठवले. गाठोडे घेऊन मीही गेलो होतो. पाड्यावरच्या एका बाईने ज्वारी उतरवून घेतली. लुगडी बघितली आणि बाजूला ठेवली. एका म्हाताऱ्याने विचारले, "बांबू भेटतील का? आणि पेरायला बी?" मी घरी येऊन निरोप सांगितला. बांबू मिळाले, पण जून लागल्यावर. बी मिळाले नाही. त्यातली काही कुटुंबे पुढच्या दसऱ्यानंतर बारडोलीकडे ऊसतोडीला गेली. दरवर्षी जाणारी माणसे होळीला परत येतात. त्यांतली तीन घरे आली नाहीत. आज ती सुरत जिल्ह्यात कुठेतरी असतील. त्यांची मुले एव्हाना माझ्या वयाची झाली असतील.

गॅझेटियरातले ते वाक्य वाचताना मला माछलीपीठचा शेजारी दिसलाच नाही. मला आमच्या थारोळ्यावरचा आडवा हात दिसला. सुरत जळाली ती इंग्रजांच्या राज्यात, दीडशे वर्षांहून आधी, दुसऱ्या भाषेच्या गावात, असे म्हणून सुटता येईना.

आपल्या भागात आगीचा आणखी एक प्रकार असतो. त्याची नोंद त्याहून कमी होते. फाल्गुन-चैत्रात सातपुड्यात आणि डांगात वणवे लागतात. सागाची पाने गळून जमिनीवर हातभर थर झालेला असतो. वणवा बहुधा जमिनीलगत सरकत जातो, मोठी झाडे उभी राहतात, दुरून पाहणाऱ्याला वाटते फारसे काही गेले नाही. पण नेमके तेच दिवस मोहाच्या फुलांचे. गुरांचा चारा, सरपण, घर शाकारायचे गवत, मोहाची फुले हे सगळे वणव्यात जाते. पंचनाम्यात घर येते, गोठा येतो. न वेचलेली मोहाची फुले पंचनाम्यात सहसा येत नाहीत, पण त्या घराचा पावसाळ्यातला किराणा त्याच फुलांवर असतो. डोंगरातल्या जळिताला मदत करायची तर आधी एवढे समजून घ्यावे लागते, की तिथे घर उभे दिसले तरी वर्ष जळालेले असू शकते.

बाहेरच्या जगात हेच मोठ्या प्रमाणावर दिसते. अमेरिकेत कॅलिफोर्नियातले पॅरडाइज हे गाव ८ नोव्हेंबर २०१८ च्या वणव्यात जळाले. ८५ माणसे गेली, १८,००० हून अधिक इमारती गेल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये हवाई बेटांतले लहायना जळाले, तिथे शंभराच्या आसपास माणसे गेली. हे जगातले सर्वांत श्रीमंत राष्ट्र, तिथे विमाने आहेत, विमा आहे. तरी पॅरडाइजची बरीच माणसे परत आलीच नाहीत, इतर गावांत पांगली. घर जळाले की गावाशी असलेली गाठ सुटते, हे १८३७ च्या सुरतेला लागू होते तसेच त्यांनाही लागू झाले.

मग मदत म्हणजे काय? या प्रश्नाचे थोडे उत्तर मला माझ्याच माजी विद्यार्थ्यांनी शिकवले.

काही वर्षांपूर्वी सुरतेतल्या एका कामगार वस्तीला आग लागली. तिथे आमच्या भागातली बरीच कुटुंबे होती. आम्ही शिक्षकांनी वर्गणी काढली, कपडे गोळा केले आणि मी व एक सहकारी गाडीत बसलो. नवापूर स्टेशन अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे हे तुम्हाला ठाऊकच आहे. तिथे आमच्या गाठोड्यांकडे बघून एका प्रवाशाने विचारले, "लग्नाला चाललात का?" पुढे सोनगड, व्यारा, बारडोली करत उधन्याला उतरलो.

वस्तीत पोचलो तर एका पत्र्याच्या शेडमध्ये कपड्यांचा डोंगर पडला होता. आमच्या आधी दहा जणांनी कपडेच आणले होते. जेवणही आले होते, सुरतेत अन्नदानाला कधी कमी पडत नाही. माझा एक जुना विद्यार्थी भेटला. दहावी नापास, लूमवर काम करणारा. आमची गाठोडी बघून तो जरा ओशाळून हसला आणि म्हणाला, "सर, कपडा भेटी जातीन, भांडा भेटी जातीन. पन कागद कोठेन आनूत?"

शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, रेशन कार्ड, बँकेचे पुस्तक, मुलांचे जन्मदाखले. सगळे एका पत्र्याच्या पेटीत होते आणि पेटी वितळून गोळा झाली होती. कागद नाही म्हणजे मुलाचा पुढचा प्रवेश नाही, सरकारी मदतीच्या यादीत नाव नाही, भाड्याने खोली मागायला गेले तर ओळख नाही. शिवाय कागद महाराष्ट्रातले आणि जळिताचा पंचनामा गुजरातेतला. एका राज्याच्या कचेरीने दुसऱ्या राज्याकडे बोट दाखवावे आणि माणसाने रोज बुडवून मधे हेलपाटे घालावेत.

मी त्या रात्रीच परत आलो. शाळेचे जनरल रजिस्टर काढले. वहीत नावे उतरवून आणली होती, त्यांतली बावीस नावे आमच्या शाळेची निघाली. अर्ज, प्रतिज्ञापत्र, नियमाप्रमाणे जे लागते ते सगळे करून घेतले आणि आठ दिवसांनी दाखल्यांच्या दुय्यम प्रती घेऊन पुन्हा गेलो. बाकीची मुले ज्या शाळांची होती तिथल्या मुख्याध्यापकांना पत्रे लिहिली. गुजराती अर्ज भरायला आमच्या शाळेतल्या गुजराती येणाऱ्या बाई दोन रविवार तिथे बसल्या. या कामाला पैसा जवळजवळ लागलाच नाही. एवढ्या वर्षांच्या नोकरीत माझ्या सहीचा इतका उपयोग कधी झाला असेल असे मला वाटत नाही.

तेव्हापासून कुठे आग लागल्याचे कळले की मी चार गोष्टी आधी विचारतो. काय आले आहे आणि काय आलेले नाही? कोणाचे कागद गेले? कोणाचे कामाचे साधन गेले? शिलाई मशीन, हातगाडी, सुताराची पेटी. आणि पावसाळ्यापर्यंत डोक्यावर छप्पर कोणाच्या आहे? शेवटचा प्रश्न मला १८३७ ने शिकवला. पहिल्या आठवड्यात सगळे धावतात. खरी गरज लागते ती चौथ्या महिन्यात, जेव्हा वर्तमानपत्रात बातमी नसते आणि तापी चढत असते. म्हणून आमच्या शाळेत आता वर्गणीचे दोन भाग करतो. अर्धी लगेच जाते, अर्धी श्रावणासाठी राखून ठेवतो.

सुरत उठली, हेही त्या मुलाला सांगायला हवे. केवळ पैशाने नाही. १८३६ साली मराठीचे व्याकरण छापणारे आपले दादोबा पांडुरंग तर्खडकर त्या जळून-भिजून उरलेल्या शहरात इंग्रजी शाळेत शिकवायला गेले होते. तिथे दुर्गाराम मेहताजींबरोबर १८४४ साली त्यांनी मानवधर्म सभा काढली. जातिभेदावर तिथे उघड चर्चा होई. कोणी कोणाच्या विहिरीवर पाणी भरावे, या प्रश्नाच्या मुळाशीच ते हात घालत होते, असे मला वाटते. एक मराठी शिक्षक आणि एक गुजराती शिक्षक, एका मोडलेल्या गावात, एका सतरंजीवर. त्याच वर्षी मिठावरचा कर वाढला म्हणून सुरतेचे लोक रस्त्यावर उतरले आणि सरकारला वाढ कमी करावी लागली. १८५० साली अँड्रयूज लायब्ररी झाली, १८५२ साली नगरपालिका आली. आगीच्या वेळी साडेतीन वर्षांचा असलेला एक मुलगा पुढे कवी नर्मद झाला आणि त्याने आपल्या शहराची हकीकत लिहून ठेवली. जे गाव सोडून गेले नाहीत त्यांनी गाव पुन्हा उभे केले. माणसे टिकली म्हणून पैसा परत आला.

आगी मात्र थांबलेल्या नाहीत. २४ मे २०१९ रोजी सुरतेत सरथाणा भागात तक्षशिला इमारतीच्या वरच्या मजल्यावरचा शिकवणी वर्ग जळाला आणि २२ विद्यार्थी गेले. खिडकीतून उड्या टाकणारी ती मुले दूरचित्रवाणीवर आपण सगळ्यांनी पाहिली. दुसऱ्या दिवशी सुट्टी असूनही मी शाळेत गेलो. आमच्या मागच्या जिन्याच्या दाराला कितीतरी वर्षांपासून कुलूप होते. मुले पळून जातात म्हणून मीच लावायला सांगितले होते. किल्ली सापडेना. शेवटी शिपायाने कुलूप फोडले. त्या दाराला आता आतून नुसती कडी आहे. किल्ली सापडेपर्यंत मी जिन्यात उभा होतो, तेव्हा दुसऱ्याच्या विहिरीबद्दल बोलण्याचा आपल्याला किती अधिकार आहे, हे मला पुरते कळले.

फेब्रुवारी २०२५ मध्ये शिवशक्ती कापड मार्केटची आग एक दिवसाहून अधिक धुमसत राहिली, आठशेच्या आसपास दुकाने गेली. दुकानदारांची नावे याद्यांत आली. तिथे पार्सले बांधणारे, तागे वाहणारे हमाल, पगारावर हिशेब लिहिणारी मुले यांचे दुकान नव्हते, त्यामुळे जळाल्याची नोंदही नव्हती. गेला तो त्यांचा रोज. आपल्या जिल्ह्यातला एखादा तरी त्यांत असणारच.

आमच्या मळ्यातली ती विहीर अजून आहे. थारोळ्यावर हात आडवा करणारे गृहस्थ केव्हाच गेले. माणूस वाईट नव्हता, त्यांनी मला फीचे पैसे दिले आहेत. गेल्या उन्हाळ्यात मी विहिरीला चार नवे रहाट बसवले आणि इंजिनाच्या खोलीची एक किल्ली पाड्यावर देऊन ठेवली. देताना काय बोलावे ते सुचले नाही. घेणारा तरुण म्हणाला, "सर, आत्ता तर आग नाही."

मी म्हणालो, "म्हणूनच देतोय."

सातवीतला तो मुलगा आता सुरतेलाच असतो. हा अंक त्याच्या पत्त्यावर पाठवणार आहे. उशिरा का होईना, तास घेतला.